पोतनीस काकांची रस्सीखेच

फ्रीगंजच्या आमच्या गल्लीत पोतनीस काकांकडे गेलात, तर ते 'या, बसा' म्हणत नाहीत. आधी बुटांसकट तुम्हाला एका फळीवर उभं करतात आणि फळीचं एक टोक हळूहळू उचलतात. तुम्ही घसरलात की वहीत कोन लिहितात. मग पाणी विचारतात. पोस्टमनसुद्धा यातून सुटलेला नाही.

काका कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झालेले. काकू गेल्यापासून घरात एकटेच.

आमच्या या हिंदी मुलखातल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आमची गल्ली रस्सीखेचीत पाच वर्षं लागोपाठ हरलेली. समोर स्टेशनकडची मंडळी, एकेक जण म्हणजे नुसता रांजण! टॉवर चौकात पोहे खायला गेलं की लोक चिडवायचे, "क्यों भैया, इस बार भी दंडवत?" यंदा जिंकून ताठ मानेनं पोहे खायचे, एवढीच माझी इच्छा होती.

काका म्हणाले, "सिंपल है! प्रश्न ताकदीचा नाहीच. घर्षणाचा आहे."

झालं! रोज संध्याकाळी सहाला आम्ही आठ जण त्यांच्या अंगणात. काका भिंतीवर खडूनं माणसं काढायचे आणि माणसांतून बाण. माझ्या पोटातून निघालेला बाण चिकूच्या झाडाकडे का जातो, असं विचारलं, तर "सिंपल है!" म्हणून आणखी दोन बाण काढले. "तुझा गुरुत्वमध्य फार वर आहे, बाबा," असंही म्हणाले. हे कौतुक की शिवी, देव जाणे. समीकरण रोज नवं, चहा-शेव मात्र रोज ठरलेली. शेवटी फळीवर जे बूट सगळ्यांत उशिरा घसरले, तसेच नवे जोड आम्ही आठही जणांनी विकत घेतले.

स्पर्धेच्या दिवशी मंडपासमोर दोराला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. पूजा म्हटल्यावर आम्ही सवयीनं बूट काढले आणि तसेच दोराला भिडलो! काकाही अनवाणीच, हात जोडून. शिट्टी वाजल्यावर ते किंचाळले, "अरे, बूट!" तोवर आम्ही नारळाच्या पाण्यावरून घसरत थेट रेषेच्या पलीकडे.

मी त्यांना घरी पोचवायला गेलो. म्हटलं, "चुकलं आमचं, काका. बूट असते तर जिंकलो असतो."

"नसतो जिंकलो. त्यांचं वजन फार जास्त. पहिल्याच दिवशी गणितात आलं होतं."

"अहो, मग सांगितलं का नाही?"

काका कुलूप उघडत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सांगितलं असतं, तर रोज आला असतात का रे तुम्ही?"

मला आलेला राग आता कुठे ठेवावा ते कळेना.

दुसऱ्या दिवशी सहाला आम्ही सगळे त्यांच्या दारात. आता ना सराव, ना स्पर्धा. काका गोंधळून एकेकाकडे बघत राहिले.

"चहा टाका, काका," मी म्हटलं.

"किती कप?"

"तुमचा धरून नऊ."