वीस एकर शेवगा

राणी मोबाइल उंच धरून पाण्याच्या टाकीवर उभी होती. कवठे महांकाळपासून आत असलेल्या त्यांच्या वस्तीवर रेंज यायची ती टाकीवरच, आणि तिथेही तिच्या मर्जीने. सकाळपासून राणीचे शिडीवर चढणे-उतरणे चालू होते.

"उतर गं खाली," गोठ्यातून बयाबाई म्हणाली. "पडून हात मोडून घेतलास तर लिवणार कशानं?"

"आई, मेल आलीय. सांगलीच्या साप्ताहिकाची. कथा घेतली त्येनी."

"मग पैसं कवा देणार?"

राणीने मेल पुन्हा वाचली. कथा उत्तम आहे, पुढील अंकात घेत आहोत, मानधन देण्याची आमच्याकडे पद्धत नाही, मात्र लेखकाला अंक सवलतीच्या दरात मिळेल. ती मोबाइल खिशात टाकून शिडी उतरली. बयाबाईला उत्तर मिळाले.

मराठीत एम.ए. होऊन राणी घरी आली, तेव्हा मायलेकींचा एक करार झाला होता. लिहून कमाई होते हे राणीने दिवाळीपर्यंत दाखवायचे. नाही दाखवले, तर जतच्या पाहुण्यांना घरी बोलवायचे आणि राणीने पोह्यांची बशी घेऊन मुकाट्याने बाहेर यायचे. वडील निम्मी मेंढरे घेऊन घाटाकडे गेलेले असल्याने कराराला साक्षीदार एकच होता, चुलता धुळा. त्याने दोन्ही बाजूंना "बराबर हाय" असे सांगितले होते.

दिवाळी जवळ येत चालली तशी राणीची झोप उडाली. एका मासिकाने आधी वर्गणीदार व्हा म्हणून कळवले. एका दैनिकाच्या रविवार पुरवणीने प्रसिद्धी हेच मानधन समजावे अशी विनंती केली. शेवटी तिने साताऱ्याच्या 'पाटपाणी' या शेतीच्या मासिकाला फोन लावला. संपादक संयोगिता निकम यांनी स्वतःच उचलला.

"हो, आम्ही मानधन देतो," त्या इतक्या सहज म्हणाल्या, की आपण चुकीच्या नंबरवर बोलतोय असे राणीला वाटले. "कविता नको, कथा नको. यशोगाथा द्या. शेतकऱ्याचा फोटो आणि मोबाइल नंबर हवा. अंक छपाईला चाललाय आणि माझं एक पान रिकामं आहे. परवा सकाळी मिळेल?"

"मिळेल की," राणी म्हणाली, आणि यशस्वी शेतकरी शोधायला स्कूटी घेऊन बाहेर पडली.

द्राक्षबागायतदार जयराज पाटलांनी तिला बसवले, चहा दिला आणि हात जोडले. "नगं बाई. मागं पेपरात नाव आलं, तर बायकोच्या माहेरची समदी माणसं बाग बघाय आली. बघून गेली व्हय? पेट्या भरून घिऊन गेली." डाळिंबवाल्याच्या बागेत रोग शिरला होता. त्याने यशोगाथा हा शब्द ऐकून फाटकच लावून घेतले. ड्रॅगन फ्रूटवाला तयार होता, पण तो तीन ठिकाणी छापून आलेला होता. त्याने पहिला प्रश्न विचारला, "रंगीत पान हाय का काळं-पांढरं?"

संध्याकाळी राणी वस्तीवर परतली तेव्हा धुळाआप्पा मेंढवाड्याच्या कडेला बाजेवर आडवा झाला होता. त्याच्या डोक्यावर शेवग्याच्या शेंगा लोंबत होत्या. राणी स्कूटीवरून उतरलीच नाही. तिथूनच तिने वर पाहिले.

"आप्पा, ही झाडं तुमी कवा लावली?"

"लावली कुठं? वाड्याला कूड घालायला फाटं रवलं हुतं. फुटलं."

"पाणी कितीदा देता?"

"पावसाला इच्यार."

"आणि खत?"

"मेंढरं बसत्यात की हितं. आणि काय खत पायजे?"

"छाटणी?"

"शेरडं. तोंड पोचतंय तितली करत्यात."

राणीने रात्रीचे जेवण उभ्याने उरकले आणि लिहायला बसली. फाटे रोवणे हे जिवंत कुंपणाचे शून्य खर्चाचे तंत्र झाले. पावसावर सोडून देणे म्हणजे पाण्याचा शास्त्रीय ताण. मेंढ्यांमार्फत जागेवरच खत व्यवस्थापन होत होते आणि शेळ्यांच्या साहाय्याने नैसर्गिक छाटणी. खोटे वाक्य एकही नव्हते. 'धुळाआप्पांकडे आज शेवग्याची वीस झाडे आहेत,' असेही तिने स्वच्छ लिहिले होते. सकाळी फेटा बांधलेल्या आप्पाचा फोटो काढून तिने लेख पाठवून दिला.

अंक निघाला. निकम मॅडमनी पानाचा फोटो मोबाइलवर पाठवला. 'माळरानावर शेवग्याची क्रांती', खाली राणीचे नाव, मध्ये आप्पाचा फेटा. राणीने ते पान तीनदा वाचले. तिसऱ्यांदा वाचताना तिला शेवटची ओळ दिसली. 'धुळाआप्पांकडे आज शेवग्याचे वीस एकर क्षेत्र आहे.'

ती टाकीवर चढली.

"मॅडम, वीस झाडं हायत. एकर न्हाईत." घाईत तिची एम.ए.ची मराठी शिडीखालीच राहिली.

"झाडं?" पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "आमच्या मुद्रितशोधकांना वाटलं तुमच्याकडून चुकलंय. अहो, वीस झाडांची यशोगाथा कोण पाठवेल?"

"मी पाठवली."

"पुढच्या अंकात शुद्धिपत्रक टाकते. पण मालकांचा एक नियम आहे, ज्या लेखाला शुद्धिपत्रक लागतं त्याचं मानधन मागे ठेवतात. तुम्ही विचार करून सांगा. तसंही शेवटची ओळ कोण वाचतंय?"

शेवटची ओळ सगळ्यांनी वाचली होती, कारण तिच्याच खाली आप्पाचा नंबर होता. राणी टाकीवरून उतरेपर्यंत आप्पा तिच्या जागी चढायला तयार होता.

"सकाळी वर गेलो तवा उंब्रजचा फोन आला," तो म्हणाला. "सोसायटीची माणसं गाडी करून बाग बघाय येणार हायत. बेस्तरवारी या म्हणलो."

"आप्पा, आपली समदी रानं एकत्र केली तरी वीस एकर भरत्यात का?"

"न्हाई भरत."

"मग?"

"पेपरात आलंय न्हवं?"

"चुकून आलंय."

"चुकून का व्हईना. मी सांगाय गेलो न्हवतो. आता मी न्हाई म्हणलो, तर पेपर खोटा पडंल, आणि त्येच्यावर नाव तुझं हाय." आप्पाने हे फार प्रेमाने सांगितले. "तू काय काळजी करू नगंस. माणसं माझ्यावर सोड."

राणीने तरीही उंब्रजला परत फोन करून दौरा रद्द करायचा प्रयत्न केला. तिकडून उत्साहाने उत्तर आले, की गाडी ठरली आहे, आचारी ठरला आहे, आणि परत येताना देवदर्शनही होणार आहे. बुधवारभर ती अंगणात फेऱ्या मारत राहिली. बयाबाईने शेवटी तिच्या हातात खराटा दिला. "चालतीच हायस तर झाडून तरी घे," ती म्हणाली.

गुरुवारी दुपारी गाडी आली. कडक इस्त्रीचे पांढरे सदरे घातलेली, उसाच्या पट्ट्यातली माणसे उतरली आणि सभोवतालचा कोरडा माळ बघून जरा गप्प झाली. त्यांचे पुढारी नाथाजी जाधव लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले होते. त्यांनी सगळ्यांना दोन रांगांत उभे केले आणि धुळाआप्पाला कडक नमस्कार ठोकला.

"चला, एरिया दावा," ते म्हणाले.

आप्पाने त्यांना मेंढवाड्याच्या पूर्वेच्या अंगाने नेले. झाडे दाखवली, ताण समजावला, खत दाखवले. खत दाखवताना दोघांचे बूट भरले. मग "पुढचा प्लॉट जरा लांब हाय" म्हणून तो सगळ्यांना ओढ्यात उतरवून, बांधावरून चढवून, जयराज पाटलांच्या विहिरीला वळसा घालून, टेकाडाच्या मागून फिरवून मेंढवाड्याच्या पश्चिमेला घेऊन आला. राणी चहाची किटली घेऊन मागोमाग धावत होती. प्रत्येक वेळी ती जवळ पोहोचली की आप्पा पुढच्या प्लॉटकडे निघायचा. उन्हाने माणसांचे सदरे पाठीला चिकटले.

उत्तरेच्या बाजूला आल्यावर नाथाजी एका झाडापाशी थांबले.

"धुळाजी, ह्ये झाड मगाशी बघितलं."

"ते येगळं."

"ह्येच्यावर 'जय मल्हार' कोरलंय. त्येच्यावर बी कोरलं हुतं."

"दर प्लॉटला कोरलंय," आप्पा म्हणाला. "बरकतीसाठी."

नाथाजींनी मान डोलावली आणि झाडाखाली बोट दाखवले. "आणि दर प्लॉटला हीच लंगडी शेळी बांधलीय?"

आप्पा शेळीकडे पाहू लागला. शेळी पाला खात होती. राणीने किटली खाली ठेवली. बोलायला सुरुवात केल्यावर तिला थांबता येईना. झाडे वीसच आहेत, छापताना एकर झाले, रद्द करायला फोन केला होता पण सांगायला जीभ रेटली नाही, शुद्धिपत्रक दिले तर मानधन जाणार, मानधन गेले तर जतचे पाहुणे येणार, हे सगळे तिने एका दमात सांगितले. शेवटी ती म्हणाली, "आप्पांचा काय दोष न्हाई. ते माझं नाव राखत हुते."

नाथाजींनी मागे वळून आपल्या माणसांकडे पाहिले. एकाने बूट काढून त्यातले खडे झाडले.

"म्हंजी वीस झाडं बघाय आमी उंब्रजवरनं आलो," नाथाजी सावकाश म्हणाले. "आणि तीच तीनदा बघितली."

"व्हय," राणी म्हणाली.

"वाटंतलं जेवण झकास झालं पण," मागून एकजण म्हणाला. "आणि दर्शन व्हायचंय अजून."

त्यावर नाथाजी हसले, आणि मग बाकीच्यांनाही हसायची परवानगी मिळाली. हसणे ओसरल्यावर मात्र ते राणीला बाजूला घेऊन गेले. त्यांचा चेहरा आता खरोखर काळजीचा होता.

"पोरी, माझी एक अडचण हाय. दौऱ्याचा अव्हाल द्यावा लागतो सोसायटीला. दरसाली मी लिवतो, 'दौरा यशस्वी झाला.' गेल्या साली चेअरमन म्हणाले, सुभेदार, एका वळीचा अव्हाल पुन्हा आणला तर दौरा बंद. तू लिवतीस का? मानधन हितंच देतो."

राणीला आधी ऐकण्यात चूक झाली असे वाटले. "पण मी खरं लिवणार. वीस झाडं."

"खरं लिव. पण दोन पानं भर."

राणी तिथेच बाजेवर बसली. माळावरचा वारा, फाट्याला फुटलेली पालवी, मेंढवाड्याचा वास आणि उसाच्या माणसांना लागलेली तहान असे सगळे तिने दोन पानांत घातले. अडीच पाने झाली. नाथाजींनी ती वाचली आणि घडी घालून छातीच्या खिशात ठेवली. मग दुसऱ्या खिशातून काढून तिच्या हातात पैसे दिले.

ते पैसे राणीने बयाबाईपुढे धरले. बयाबाईने आधी दोन्ही हात पदराला पुसले.

"कशाचं?" तिने विचारले.

"लिवल्याचं."

बयाबाईने नोटा दोनदा मोजल्या. मग म्हणाली, "जतच्या माणसास्नी कळवते. म्हणावं, पोरगी कामात हाय."

राणीने त्याच संध्याकाळी टाकीवरून मॅडमना फोन केला आणि मानधन राहू द्या पण शुद्धिपत्रक छापा असे सांगितले. ते छापले गेले, पशुखाद्याच्या जाहिरातीखाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. आप्पाला तिने देवापुढे उभे करून शपथ घ्यायला लावली, की कोणी विचारले तर झाडे वीसच सांगायची. आप्पाने अंगारा लावून शपथ घेतली.

नाथाजींनी आपला अहवाल जिल्हाभर दाखवला असावा. पुढच्या महिन्यात पाचगणीकडच्या स्ट्रॉबेरीवाल्यांची गाडी आली. त्यांनी फोनवरच विचारले होते, की लिहिणाऱ्या ताई हजर असतील ना. गाडीतून उतरलेल्या प्रत्येकाला आप्पा स्वतः जाऊन भेटला आणि हात जोडून म्हणाला, "पावनं, आधीच सांगतो. वीस एकर न्हाई. वीस झाडं हायत. ही समोरची. बास."

माणसांनी झाडे पाहिली, आप्पाकडे पाहिले, मग एकमेकांकडे पाहिले. त्यांचा म्होरक्या मल्हार शिंदे मिशीत हसला.

"बरं, बरं," तो म्हणाला. "वीस झाडं."

"शपथ घेतलीय मी," आप्पा म्हणाला.

"शपथ बी घेतलीय," मल्हार मागच्यांना म्हणाला, आणि सगळ्यांनी माना हलवल्या.

राणीने मध्ये पडून शुद्धिपत्रक दाखवले. मल्हारने ते डोळ्यांजवळ नेऊन वाचले आणि आदराने परत दिले. "ताई, आमच्यात बी नव्या जातीचं रोप आलं की कुणी शेजाऱ्याला दावत न्हाई. पण लपवायसाठी छापून आणण्यापतोर कुणी गेलं न्हवतं."

चहा होतो न होतो तोच माणसे पांगली. चौघे ओढ्याकडे गेले, दोघे टेकाडावर चढले, एकजण जयराज पाटलांच्या विहिरीवरून लांबवर बघत राहिला. आप्पा मेंढवाड्यापाशी उभा राहून हाका मारत होता, "आवं, तिकडं कायबी न्हाई." तो जितक्या जोरात ओरडे, तितकी माणसे भराभरा पुढे जात.

उन्हे कलल्यावर ती घामाघूम होऊन परत आली. मल्हार बाजेवर टेकला आणि त्याने पाण्याचा तांब्या संपवला.

"सापडलं न्हाई," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, कौतुक होते. "लय पक्का माणूस हाय. ताई, अव्हालात एक वळ न विसरता घाला. शेतकऱ्यानं बाकीचं क्षेत्र दावलं न्हाई."

राणीने आप्पाकडे पाहिले. आप्पा झाडांकडे बोट दाखवून पुन्हा शपथ घ्यायला निघाला होता.

बाकीचे क्षेत्र आप्पाने दाखवले तर नव्हतेच. राणीने पान उलटले आणि ओळ लिहिली.