तात्या साळिंदराची पाऊलमोजणी

एका जंगलात, म्हणजे मुलांनो, जंगल म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जे येतं त्याच जंगलात, तात्या साळिंदर राहत होता. गाव, तालुका विचारू नका. गोष्ट ऐकायची असेल तर नीट मांडी घालून बसा, आणि हातात जे काही लुकलुकतंय ते खाली ठेवा.

तात्याला लिहायची खोड होती. कंदमुळं उकरत जंगलभर हिंडायचं आणि उजाडायच्या आधी नदीकाठच्या लांबलचक काळ्या कातळावर एखादी ओळ लिहायची. अंगावरून गळलेला काटा घ्यायचा, रुईच्या पांढऱ्या चिकात बुडवायचा, की झाली लेखणी. लिही म्हणून त्याला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तो बरं लिहायचा.

काय लिहायचा? फार काही नाही. "लांडगा आज बोरीच्या रानात. ओढ्याकडून जा." दुसऱ्या दिवशी, "लांडगा आज ओढ्याला. टेकडीवरून जा." बस्स. प्राण्यांनी यायचं, वाचायचं आणि पळायचं.

लांडग्याला मात्र अक्षरओळख नव्हती. शाळेच्या पहिल्याच दिवशी त्याने मास्तरांना खाल्लं होतं, त्यामुळे शिक्षण तिथेच थांबलं. म्हणून तर उघड्यावर लिहूनही गोष्ट सुरक्षित राहायची.

सगळ्यात जुनी वाचक भागाबाई ससीण. तिचा नवरा लांडग्याने नेला होता आणि पदरात चार पिल्लं होती. ती रोज उजाडताना यायची, ओळ वाचायची आणि वाट बदलून चाऱ्याला जायची. दुसरी वाचक टिटवीआक्का. ती उडता उडता वाचायची आणि जंगलभर ओरडून सांगायची. आक्काचा आवाज असा, की बहिऱ्यालाही बातमी कळावी.

असं छान चाललं होतं. पण सुखातला जीव दुःखात घातल्याशिवाय काही जणांना अन्न गोड लागत नाही.

एके दिवशी रंगनाथ सरडा आला. हा सहा महिने शहराच्या कुंपणावर राहून आला होता. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं आपण हसून म्हणतो. पण त्या जंगलातलं दुसरं कुणी कुंपणापर्यंतसुद्धा गेलेलं नव्हतं, त्यामुळे रंगनाथला सगळे तज्ज्ञ म्हणत.

"तात्या, तुम्हाला वाचक किती?" रंगनाथने विचारलं.

"आहेत की! भागाबाई आहे, तिची पिल्लं आहेत, मुंगसाची धाकटी सून आहे, आपली आक्का आहे..."

"ही शेजारपाजारची माणसं झाली. मी वाचक विचारले. आकडा सांगा."

तात्याला आकडा सांगता येईना. इतकी वर्षं आपण लिहितोय आणि आकडा माहीत नाही, या विचाराने त्याचे काटेच उभे राहिले. त्याला फार लाज वाटली. लाज वाटण्यासारखं यात काय होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

"चिंता नको," रंगनाथ म्हणाला. "कातळासमोर नदीतल्या मऊ पोयट्याचा एक पट्टा सारवू. कोण आलं, कुठून आलं, कुठल्या ओळीपाशी किती वेळ थांबलं आणि कुठल्या वाटेने गेलं, सगळं पावलांवरून कळेल. याला पाऊलमोजणी म्हणतात."

"आणि याचं तुम्हाला काय द्यायचं?"

"छे छे, सगळं फुकट!"

मुलांनो, जंगलात फुकट मिळणाऱ्या गोष्टीला उंदीर पकडायचा पिंजरा लावलेला असतो, हे उंदरांनासुद्धा माहीत आहे. पण तात्या पडला साळिंदर.

पट्टा सारवला. पट्ट्याच्या तोंडाशी गोखरूची रोपं लावली. येणाऱ्याच्या अंगाला एखादा गोखरू चिकटला, की तो पुन्हा आल्यावर ओळखू येतो, असं रंगनाथचं म्हणणं. शेजारी पाटी लावली: "आत येणाऱ्यास गोखरू मान्य आहेत."

पहिल्याच दिवशी भागाबाई पाटीपाशी अडली. "मला नको असतील तर?"

"तर मान सतरा वेळा डावीकडे हलवायची, सतरा वेळा उजवीकडे, आणि मग नको असण्याचं कारण सांगायचं," रंगनाथ म्हणाला.

"अहो, पण मागे लांडगा लागलेला असला तर?"

"तर पटकन मान्य करायचं."

भागाबाईने मान्य केलं. घरी गेल्यावर चारही पिल्लं आईच्या अंगावरचे गोखरू काढत बसली.

संध्याकाळी रंगनाथने पावलं मोजली. एकशे सोळा! तात्या आनंदाने गोल फिरला. एका प्राण्याला चार पाय असतात, हा हिशेब त्याला सुचला नाही असं नाही. सुचला, पण त्याने मनावर घेतला नाही.

गुरुवारी एक गोम येऊन गेली, आणि आकडा आभाळाला टेकला. तात्याने गुरुवारची ओळ दहा वेळा वाचून काढली. अशी काय जादू होती तिच्यात? तशी ओळ पुन्हा जमावी म्हणून त्याने आठवडाभर डोकं खाजवलं. गोम काही परत आली नाही.

टिटवीआक्का मात्र मोजणीत येईना.

"तुमचं पाऊल उमटत नाही. म्हणजे तुम्ही वाचत नाही," रंगनाथने निकाल दिला.

"अरे मेल्या! माझ्या ओरडण्यावर निम्मं जंगल जगतंय!"

"असेल. नोंद नाही."

तात्याने यावर काहीतरी बोलायला हवं होतं. तो पट्ट्याकडे बघत राहिला.

आता तात्याला झोप लागेना. दर थोड्या वेळाने बिळातून उठायचं, पट्ट्यावर जायचं आणि नवं पाऊल आलं का बघायचं. आठवड्याने रंगनाथ धावत आला. "तात्या, अभिनंदन! एक नवा वाचक मिळालाय. दिवसातून वीस वेळा येतो. आखूड पाय, लांब नख्या, मागे काटे फरफटल्याची खूण. असा निष्ठावंत वाचक लाखात एक!"

तात्या हरखला. मग त्याने स्वतःच्या पायांकडे पाहिलं, नख्यांकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा पडला. "रंगनाथ, हा मीच की रे."

"वजा करू का? आकडा मात्र अर्ध्यावर येईल."

"राहू दे," तात्या घाईघाईने म्हणाला. "मीसुद्धा वाचतोच ना?"

पुढच्या आठवड्यात रंगनाथने तोंड पाडलं. "तात्या, तुमच्याकडे उसळी फार आहे."

"कुठली उसळ? मी तर कंद खातो."

"उसळ नव्हे हो, उसळी! वाचक येतो आणि चेंडूसारखा उसळून परत जातो. ही भागाबाईच घ्या. आली, एक ओळ वाचली आणि पळाली. वाचक असा पळता कामा नये. तो जागचा हलला नाही पाहिजे."

"पण लांडगा कुठे आहे ते कळल्यावर ती थांबेल कशाला?"

"बरोबर बोललात! म्हणून ते लवकर कळू द्यायचं नाही. महत्त्वाची ओळ सगळ्यात शेवटी."

तात्याला पटलं. वाईट सल्ला मुलांनो, नेहमी असा चटकन पटतो. दुसऱ्या दिवसापासून कातळ या टोकापासून त्या टोकापर्यंत भरू लागला. सुरुवातीला मोठ्या अक्षरांत, "लांडगा आज कुठे आहे? वाचून थक्क व्हाल!" मग लांडग्याच्या शेपटीचं वर्णन. मग लांडग्याच्या आजोबांची हकिगत. मग साळिंदरांचं साहित्यातलं योगदान, कारण वीस वेळा येणाऱ्या वाचकाला ते आवडायचं. आणि पार पलीकडच्या टोकाला, बारीक अक्षरांत, "टेकडीमागे आहे."

भागाबाई पट्ट्यावरून सरकत सरकत सगळं वाचायची. एकदा न राहवून ती बिळापाशी गेली. "तात्या, थक्क व्हायला मला वेळ नाही हो. पिल्लं उपाशी असतात. पूर्वीसारखं एका ओळीत नाही का लिहिता येणार?"

"भागाबाई, आता लेखन पुढे गेलंय," तात्या म्हणाला. आत कुठेतरी त्याला टोचलं. पण ज्याच्या अंगावरच एवढे काटे, त्याला आतलं टोचणं किती जाणवणार?

मग एक दिवस पट्ट्यावर मोठाले पंजे उमटले. रुंद, खोल, नख्यांसकट. रंगनाथचा रंगच बदलला. "तात्या, वजनदार वाचक! रोज सगळे गेल्यावर येतो. सगळा पट्टा फिरतो. सगळ्यांपेक्षा जास्त वेळ थांबतो!"

तात्याची छाती फुगली. टिटवीआक्का वरून गेली, तिने पंजे पाहिले आणि ती धाडकन खाली उतरली. एवढ्या वर्षांत ती पहिल्यांदाच कातळापाशी उतरली होती.

"तात्या, अरे हा लांडगा आहे! मी आज पाहिलं त्याला. त्याचं तोंड कातळाकडे नव्हतंच, पट्ट्याकडे होतं. कोण कधी येतं, कुठल्या वाटेने येतं, कुठे किती रेंगाळतं, सगळं वाचतोय तो. त्याला अक्षर येत नाही रे, पण पाऊल त्याच्या बापजाद्यांना येतं! पूस हे आत्ताच्या आत्ता. नाहीतर मी जाते आणि सगळ्यांना ओरडून सांगते."

तात्याला डोळ्यांपुढे भागाबाई दिसली, तिची चार पिल्लं दिसली. तो खरंच घाबरला. पण त्याच वेळी त्याला आणखीही एक गोष्ट दिसली. आक्काने ओरडून सांगितलं, तर कातळापाशी येणार कोण?

"आक्का, तुम्ही ओरडू नका," तो म्हणाला. "उगाच घबराट होईल. मी आजच लिहितो ना. उजाडायच्या आत कातळावर असेल."

"नक्की?"

"माझ्या काट्यांची शपथ."

आक्काने विश्वास ठेवला. आजवर तात्याच्या शब्दावर सगळं जंगल चाललं होतं, तर तिने तरी का ठेवू नये?

तात्या लिहायला बसला. "लांडगा हल्ली रोज याच कातळापाशी येतो. इकडे येऊ नका." एवढंच लिहायचं होतं. त्याने काटा चिकात बुडवला आणि पहिल्या टोकाला टेकवला.

"एवढी भारी बातमी आणि पहिल्याच ओळीत?" रंगनाथ कळवळला. "वाचतील आणि पळतील! तात्या, आयुष्यात अशी बातमी एकदाच येते."

"अरे, जिवाशी खेळ आहे हा."

"म्हणूनच! जिवाशी खेळ असला की वाचक शेवटपर्यंत येतो."

तात्याने बराच विचार केला. "बरं, पण आज फार नको. पाचच परिच्छेद."

लिहून झाल्यावर तो बिळात गेला. आपण इशारा दिला, कर्तव्य केलं, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि डोळे मिटले.

ऊन वर आलं तेव्हा तो पट्ट्यावर गेला. ओल्या पोयट्यात सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं. बोरीच्या वाटेने चार लहान पावलं आली होती. पहिल्या परिच्छेदापाशी थोडी थांबली होती. दुसऱ्यापाशी चुळबुळली होती. तिसरा भागाबाईने धावत वाचला होता. चौथ्यापाशी पावलं खोल रुतली होती, कान टवकारून कुणी उभं राहावं तशी. तिथे मागून एका झेपेत मोठे पंजे आले होते.

परत जाणारी लहान पावलं नव्हती.

तिथून हातभर अंतरावर पाचवा परिच्छेद होता. त्याची शेवटची ओळ पांढरीशुभ्र आणि ठळक उमटली होती. ती कुणीच वाचली नव्हती.

तात्या तिथेच बसला आणि रडला. खोटं नाही मुलांनो, अगदी हमसून हमसून रडला. त्याचं मन वाईट नव्हतं. टिटवीआक्का भागाबाईच्या चार पिल्लांना पुढे घालून नदीपलीकडे घेऊन गेली. जाताना तिने तात्याकडे एकदाच पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती ओरडली नाही.

रंगनाथ पावलं मोजत मोजत आला. "तात्या! चौथा परिच्छेद! वाचकाचं परतीचं पाऊलच नाही. आणि उसळी शून्य!"

तात्या ताडकन उठला. त्याने निरगुडीची एक डहाळी मोडली आणि पट्टा पुसायला निघाला. तोवर बातमी फुटली होती. जागा बघायला जंगल लोटलं. रानडुकरं आली, हरणं आली, कधी न येणारी अस्वलं आली, वानरं पोराबाळांसकट आली. आत शिरताना प्रत्येकाने गोखरू मान्य केले. पट्ट्यावर पाऊल ठेवायला जागा उरली नाही.

"थांबा हो, पुसू नका!" रंगनाथ ओरडला. "मोजतोय मी!"

तात्या डहाळी हातात धरून थांबला. त्याने डोळे पुसले. मग अगदी हळू आवाजात, कुणाला ऐकू जाऊ नये असं, त्याने विचारलं,

"किती झाली?"

तात्पर्य: ज्याचं परतीचं पाऊल दिसत नाही, तोच खरा निष्ठावंत वाचक. असे वाचक धरून ठेवायचे असतील, तर महत्त्वाची गोष्ट नेहमी शेवटी सांगावी.