नाथाच्या काळजाचा फोटो

"काका, कानात काय आहे ते काढा. धातू आत चालत नाही," मशीनवरच्या मॅडम म्हणाल्या, आणि नाथानं झटकन कान हातानं झाकला.

लिंबागणेशच्या माळावर मेंढरांमागं चालताना तो दोनदा चक्कर येऊन पडला होता. हृदयाचा स्नायू जाड झालाय, आत किती खराबी आहे ते एमआरआयशिवाय कळायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तेव्हापासून त्याच्या बायकोला, ताराबाईला, घास गोड लागत नव्हता. आणि हा बाबा इथं बाळीसाठी अडून बसला होता!

"आदीची तीन लेकरं गेली म्हनून मायनं नवसाची घातलीय. ही काढली की मी गेलो."

"न्हाई जात कुटं! एवड्याशा बाळीत कुनाचा जीव ऱ्हातो व्हय? काढा म्हन्ते ना!"

अर्धा तास हुज्जत चालली. मागचा पेशंट घड्याळ बघू लागला. शेवटी नाथानंच तोड काढली. "काढतो. पन तू आत माज्याजवळ बस."

"बसा की," मॅडम म्हणाल्या. "पण बाई, मंगळसूत्र, जोडवी, सगळं काढून."

ताराबाईच्या तोंडचं पाणीच पळालं. "अवो, नवरा मशीनीत आन् मी गळा मोकळा करू? ह्यांना काय झालं मंजे?"

"आता कावून?" नाथा म्हणाला. "जोडव्यात कुनाचा जीव ऱ्हातो व्हय?"

तिनं हात मंगळसूत्राकडे नेला. डोळे मात्र भरून आले, तसा नाथा विरघळला. पिशवीतल्या टकळीवरचा लोकरीचा धागा तोडून त्यानं तो तिच्या गळ्यात बांधला. "हे घे. ह्यात लोखंड न्हाई." मग बाळी, मंगळसूत्र, जोडवी एकाच ट्रेमध्ये गेली.

नाथाच्या छातीवर तारा लागल्या. ठोके संथ असतील तरच हृदयाचा फोटो नीट येतो. गळ्यातला धागा मुठीत धरून ताराबाई त्याच्याकडे टक लावून बसली, आणि नाथा तिच्याकडे.

"काका, शांत पडा! एकशे दहा झाले!" आतल्या स्पीकरवर मॅडम ओरडल्या. "श्वास रोखा!"

फोटो हलला. पुन्हा काढला, पुन्हा हलला. आपण गळा मोकळा केला म्हणूनच हे, या विचारानं ताराबाईनं धाग्याची मूठ आणखी आवळली.

शेवटी मॅडम आत आल्या. "बाई, तुम्ही जरा बाहेर बसा बरं."

ती बाहेर गेली आणि ठोके बहात्तरवर आले. फोटो सुरेख निघाले.

संध्याकाळी डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला. "स्नायू जाड आहे, पण आत डाग नाहीत. गोळ्यांवर भागेल. डोंगर चढणं मात्र बंद." ताराबाई मटकन खुर्चीत बसली आणि रडू लागली.

"एक सांगा, नाथाराव," डॉक्टर म्हणाले. "पहिले दोन फोटो धडधडीनं हलले. ही धडधड नेमकी कशानं वाढते?"

नाथा बायकोकडे बघून गालातल्या गालात हसला. तो तोंड उघडणार, तोच ताराबाईनं घाईघाईनं डोळे पुसले.

"मेंढरांमागं पळून, सायेब," ती म्हणाली. "दुसरं काय बी न्हाई."