उतारावरील निळ्या रथाचा हँडब्रेक आवळिल्याची हकीकत

श्रीचतुश्चक्र समर्थ. जो थांबवितो त्यास आधी नमन, जो पळवितो त्यास मागाहून. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मास, वार रवि. तिथी पंचांगात होती, परंतु ते पान राजकन्येने भक्षिले. ते समयी राज्यात राजे निरंजनराव, राणी केतकीबाई, राजमातोश्री सुमित्राबाई आणि आठ महिन्यांच्या राजकन्या रेवाबाईसाहेब ऐसे नांदत होते. घर टेकडीच्या उतारावर. पदरी एक निळा रथ, वयाने राजेसाहेबांच्या लग्नाहून थोर, धावावयास मातबर, परंतु हँडब्रेक सैल. दांडी ओढावी तो तिने कट कट करीत पार छताकडे निघावे आणि रथाने हळूच मागे सरकावे. म्हणोन मागील चाकाशी एक काळा धोंडा असे, त्यास धोंडोपंत म्हणत, आणि त्यांस बसविण्याउठविण्याची कामगिरी मातोश्रींकडे होती.

राणीसाहेबांचे माहेर त्याच शहरी, दोन चढांपलीकडे. परंतु कडेवर लेकरू आणि हाती धोंडा हे एकटीस साधेना, आणि राजकन्या जन्मल्यापासोन एकटीने कोठे जाणे जाहले नाही. राजेसाहेबांस अर्ज करावा तो "रविवारी बघू" ऐसा हुकूम व्हावा, आणि रविवार आला की पुढील रविवाराची नेमणूक व्हावी. अखेर राणीसाहेबांनी ही मोहीम खासा आपणच करावी ऐसे मनी धरिले. मग फाटकातील सपाट जागा, जी धुणे वाळविण्याचा मातोश्रींचा मुलूख, ती एका दिवसापुरती मागितली, आणि मातोश्रींनी दोऱ्या सोडिल्या खऱ्या, परंतु मेकॅनिक बोलवावा हे वारंवार बजावोन. मग राजकन्या निजली ऐसे पाहोन रथ आत आणिला, पुढील चाकांस विटा लाविल्या, मागील अंग जॅकवर उचलिले, आणि जॅकचा भरवसा काय म्हणोन खाली लोखंडी घोड्या दिल्या. दांडीभोवतीचे आवरण काढिले, तो आत बिस्किटांचा चुरा, एक इवला मोजा आणि त्याखाली तो नट, जो पिळिता ब्रेकची तार आवळते. राजेसाहेब मोठ्या निष्ठेने दांडी दोन्ही हातांनी वर धरोन बसले.

"मी घट्ट धरलीय, तू पीळ."

"अरे, सोड ती. दांडी खाली असतानाच आवळायचं असतं."

मग राजेसाहेब दांडीवरोन उतरोन चाकावर रुजू जाहले. पाना फिरवावा, दांडी ओढोन पाहावी, खाली सोडावी, पुन्हा पाना. त्या आवाजाने राजकन्या जागी जाहली आणि रडणे टाकोन प्रत्येक कटसरशी खदखदा हसो लागली. मातोश्री तिला घेवोन दारी आल्या आणि म्हणाल्या, "किती गं ही कटकट." राणीसाहेब रथातूनच वदल्या, "तीच कमी करतेय, आई."

परंतु जोशात पाना अधिक पडला. दांडी खाली असोनही चाक फिरेना. राजेसाहेबांनी ते नेमके हेरिले, ही त्यांची त्या दिवसाची मोठी कामगिरी. मग नट किंचित मागे घेतला, तो चाक मोकळे फिरले आणि दांडी थोड्याच कटांत अडो लागली, आणि राजकन्येचे हसणे निम्मे जाहले. मग रथ दारच्या उतारावर नेला. मातोश्री धोंडोपंतांस पोटाशी धरोन हजर.

"आई, आज दगड लावू नका. लागला तर हाक मारीन."

"तू हाक मारशील तोवर गाडी खालच्या चौकात गेलेली असेल."

राणीसाहेबांनी दांडी ओढिली आणि पायाचा ब्रेक सोडिला. रथ हलला नाही. मग राजकन्येस मागील आसनी पट्ट्यांत बांधोन राणीसाहेब एकट्या निघाल्या. पहिल्याच चढावर, पाण्याच्या टाकीपाशी, राजकन्या निजली. माहेरी पोचता सारे तिला उचलावयास धावतील, तत्पूर्वी घटकाभर निजो द्यावी म्हणोन राणीसाहेबांनी सावलीत रथ उभा केला, काचा उतरविल्या, दांडी ओढिली आणि मान मागे टेकिली.

इकडे माहेराहून फोन, की लेक अजोन पोचली नाही. राजे आणि मातोश्री धापा टाकीत चढ चढोन गेले, तो टाकीपाशी रथ उभा आणि आत दोघी गाढ निजलेल्या. राजेसाहेब हाक मारणार, तो मातोश्रींनी त्यांचे मनगट धरिले.

"उठवू नकोस. गाडी थांबलीय तोवर झोपू दे दोघींना."

येणेप्रमाणे मोहीम जाहली. माहेर त्या दिवशी सर जाहले नाही. रथ चढावर तसूभर हलला नाही, आणि राजे व मातोश्री टाकीच्या कट्ट्यावर पहारा देत बसले. दोघींची झोप मोडो नये, म्हणोन लेखणीही येथे हळूच ठेविली.