हमीदाआपा आणि जंतूंचा कफील

हमीदाआपा माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नाहीत, नखांकडे बघतात. आमची पहिली भेट जेद्दातल्या आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये झाली. मी भाजीच्या पिशव्या सावरत ओळखीचं हसले. त्या माझ्या पायांकडे बघत होत्या. चौथ्या मजल्यावर बाहेर पडता पडता म्हणाल्या, "उजव्या अंगठ्याला बुरशी आहे. नवऱ्याची चप्पल घालता का?"

घालत होते. चोवीस वर्षांच्या संसारात आमच्या दोघांत उरलेली जवळीक म्हणजे ती चप्पल. तीही आपांनी बंद केली.

आपा मूळच्या दापोलीकडच्या. नवरा गेल्यावर इथं आल्या, आमच्या समोरच्याच दारात राहतात आणि पलीकडच्या गल्लीतल्या बायकांच्या सलूनमध्ये नखं करतात. 'नखं करतात' हे आपलं म्हणायला. दिवसभर त्या जंतूंशी लढतात आणि मध्ये सवड मिळालीच तर नेलपॉलिश लावतात.

एकदा मी हौसेनं गेले. गरम पाण्यात पाय सोडणार, तोच आपा ओरडल्या, "थांबा! पायाचे केस कधी काढलेत?"

"काल रात्री. तुमच्याकडे यायचं म्हणून."

"मग घरी जा. कातडीवर बारीक ओरखडे असतात. जंतूंना दार उघडंच."

पाय कोरडे ठेवून परत आलेली त्या सलूनची मी एकमेव गिऱ्हाईक असेन. जाताना ज्ञान मात्र फुकट मिळालं. "बॅक्टेरिया हा स्वतंत्र धंदेवाला, वहिनी. जरा ओल मिळाली की दुकान थाटतो. व्हायरसला मात्र कफील लागतो. आपल्याला इथं राहायला कसा जामीन राहणारा मालक लागतो, तसं. दुसऱ्याच्या पेशीत शिरल्याशिवाय त्याचं काही चालत नाही."

हत्यारं आधी ब्रशनं घासायची, मग औषधात घड्याळ लावून दहा मिनिटं, मग कुकरसारख्या वाफेच्या यंत्रात. मालकिणीनं हौसेनं निळ्या दिव्याची पेटी आणली, तर आपांनी त्यात स्वतःचा डबा ठेवायला सुरुवात केली. "ह्याच्यात जंतू मरत नाहीत. ऊन खात बसतात नुसते." नखं घासायची कानस एकदा वापरली की गिऱ्हाइकासमोरच मोडून टाकायची. एका नवरीला बोट दुखेपर्यंत समजावलं, म्हणजे आपांचं बोट, कारण ते तिच्या हिरव्या पडलेल्या नखाकडे रोखलेलं होतं. वर रंग लावून झाकायला ठाम नकार.

तर अशा आपांची एकुलती एक लेक शबाना, नवरा आणि पाच महिन्यांचा मुलगा घेऊन उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या यात्रेला आली. आईकडे सहा दिवस राहणार होती. नातवाला आपांनी फक्त फोनवर पाहिलेलं. आठवडाभर घर घासणं चाललं होतं. माझ्याकडची फिनेलची बाटलीही त्यात गेली.

दार उघडलं तेव्हा आपा तोंडाला मास्क बांधून तीन पावलं मागं उभ्या. शबानानं बाळ पुढं केलं. आपा आणखी मागं सरकल्या.

"मला नको देऊस. काल एका गिऱ्हाइकाच्या ओठावर फोड होते. तासभर समोर बसले मी. चार दिवस लांबच राहणार."

आणि उशी घेऊन माझ्या हॉलमध्ये राहायला आल्या.

"आपा, सहातले चार?"

"हिशेब येतो मला."

मग दोन्ही दारं उघडी ठेवून आपा आमच्या उंबऱ्यात खुर्ची टाकून बसत. समोरच्या दारात बाळ रांगायचा प्रयत्न करी. आपा खुर्चीचे हात घट्ट धरून सूचना देत. आमचे हे ऑफिसला निघाले की त्यांना खुर्चीला वळसा घालून, हात वर करून जावं लागे, शस्त्रं टाकलेल्या शत्रूसारखं.

तिसऱ्या दिवशी शबाना खुर्चीसमोर येऊन उभी राहिली. डोळे लाल. "अम्मी, लांबूनच बघायचं होतं तर फोन काय वाईट होता?"

रात्री माझ्या मोरीत किती तरी वेळ नळ चालू होता.

पाचव्या दिवशी सकाळी आपा पलीकडे गेल्या. थोड्या वेळानं त्यांची राहिलेली उशी घेऊन मी गेले. शबाना स्वयंपाकघरात होती. बाळानं रात्री स्वतःचाच गाल ओरबाडलेला. आपांनी सलूनमधली सगळी हत्यारं वाफवून आणून पांढऱ्या फडक्यावर मांडली होती. सगळी त्या बोटांपुढं फावड्यांएवढी दिसत होती.

आपा मास्क काढून, मांडीवर झोपलेल्या बाळाची बोटं एकेक करून ओठांत धरत होत्या आणि नखं दातांनी हलकेच कुरतडत होत्या.

"आपा!" मी हबकलेच.

"हळू बोला, उठेल तो," त्या पुटपुटल्या. "लोखंड लागेल त्याला. कोकणात सगळ्या आज्या असंच करतात."

मी उशी पोटाशी धरून तिथंच बसले. परवा त्यांचं परतीचं विमान होतं.

"पुढच्या भेटीला," आपा म्हणाल्या, "हा आपली नखं आपणच कापत असेल."

आणि त्यांनी त्याची करंगळी ओठांत धरली.