दोनशे अकरावं पॅकेज

"पॅकेज दोनशे अकरा वाचता येत नाही. पुन्हा प्रयत्न करायचा?"

पडद्यावर हा प्रश्न इंग्रजीत होता आणि जयलक्ष्मीनं त्याला सकाळपासून तिसऱ्यांदा 'हो' म्हटलं होतं. सीडी ड्राइव्ह घरघरली, दोनदा उसासली आणि गप्प झाली. सीडीवरची एकूण पॅकेजं, म्हणजे प्रोग्रॅमचे गठ्ठे, चारशे बारा. यंत्र दरवेळी निम्म्या वाटेवर, त्याच आकड्यापाशी बसकण मारत होतं.

सप्तापूरच्या त्या घरात युनिक्स यायला कारण झाली जयलक्ष्मीची जीभ. दोन हजार सालची गोष्ट. कॉलेजात कॉम्प्युटरचा नवा कोर्स निघाला होता आणि युनिक्सचा, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या एका प्रणालीचा, पेपर शिकवायला माणूस मिळत नव्हता. "बेंगळूरहून एखादं पोरगं मागवावं लागणार," असं प्राचार्य हणमंतराव स्टाफरूममध्ये म्हणाले. पंचवीस वर्षं गणित शिकवलेल्या जयलक्ष्मीला ते पोरगं झोंबलं.

"कशाला मागवता सर? माझ्या घरी युनिक्स चालू आहे की."

"चालू आहे? मग दसऱ्याला बन्नीचं सोनं द्यायला येतो, तेव्हा बघूनच जातो. सोमवारी टाइमटेबल लावायचंय."

घरी होतं ते धाकट्या भावाचं, सुमंतचं, जुनं कॉम्प्युटर. त्यावर ती प्रश्नपत्रिका टाइप करायची. त्याच संध्याकाळी तिनं हुबळीहून एक जाडजूड पुस्तक आणलं. मागच्या पाकिटात सीडी होती: लिनक्स, म्हणजे युनिक्सच्याच घराण्यातलं, घरी चालेल असं.

पहिल्याच दिवशी यंत्रानं विचारलं, सगळी डिस्क वापरू का? ती म्हणाली, वापर. विंडोज गेलं. प्रश्नपत्रिका गेल्या. परतीचा रस्ताही त्याच डिस्कवर होता, तोही गेला.

मग सुमंतचे बेंगळूरहून फोन सुरू झाले.

"अक्का, रॅम सैल असणार. काढून परत बसव."

"डबा उघडू?"

"उघड की. चावतोय काय?"

रॅम काढली, बसवली. दोनशे अकरा.

"मग केबल बदल."

बदलली. दोनशे अकरा.

"बायोसमध्ये जा."

गेली, तिथलं सगळं उलटसुलट करून परत आली. दोनशे अकरा.

"अक्का, सोड तू आता. दसरा झाला की मी येतो, दहा मिनिटांत करून देतो."

"दसरा झाल्यावर येऊन काय उत्तरकार्य करणार आहेस?"

सासूबाई, वेणूबाई, दारातून बघत होत्या. "त्याला मेल्याला बरंच वाटेना झालंय," त्या म्हणाल्या. "रोज पोट उघडतेस त्याचं."

दशमीची सकाळ. प्राचार्य चारला येणार. जयलक्ष्मीनं आलेख कागदाच्या पाठीवर लिहिलं: बदललं काय? रॅम, केबल, सेटिंग, प्लग, टेबलसुद्धा. उत्तर बदललं? नाही. एखाद्या मुलीनं गणित असं आणलं असतं तर ती म्हणाली असती, बये, जे बदललं नाहीस तिथं बघ.

बदललं नव्हतं एकच. सीडी.

चकचकीत बाजूला बोट लावायचं नाही, असा सुमंतचा दम होता. म्हणून पाकिटातून काढताना तिनं ती काठाला धरून, पक्ष्याच्या चित्राची बाजू वर ठेवून, जशीच्या तशी आत सरकवली होती. तेव्हापासून ती आतच होती. आता तिनं ती बाहेर काढून उलटी केली.

चकाकत्या बाजूवर हळदीचं बोट होतं. त्यावर कुंकू. वाळून टणक झालेलं.

"आत्याबाई!"

"काय ग?"

"हे तुम्ही लावलंत?"

"मग? नवी वस्तू घरात आली. त्याच रात्री पाकिटातून काढून लावलं. कुकरला लावलं, फोनला लावलं. ह्यालाच नको काय?"

"पण ह्या बाजूला?"

"त्या बाजूला पक्षी आहे की. पक्ष्याच्या तोंडाला कुंकू फासू? ही बाजू कशी आरशासारखी होती!"

"आता पुसायला पाहिजे."

"अय्यो! दसऱ्याला कुंकू पुसतेस?" वेणूबाईंनी कपाळाला हात लावला. "जयतीर्थ तिकडं गुंटकलला रेल्वेच्या ड्यूटीवर, आणि बायको इकडं कुंकू पुसतेय!"

घड्याळात साडेदहा. मग जयलक्ष्मी शांतपणे म्हणाली, "आत्याबाई, गणपती बुडवतो तेव्हा त्याचं गंध जातंच की."

वेणूबाईंनी कपाळावरचा हात काढला. "जातं. पण विसर्जन केल्यावर. तसंच नाही."

"मग करा विसर्जन."

वेणूबाई ताम्हन आणि अक्षता घेऊन आल्या.

"अक्षता नकोत! ओरखडे पडतील."

"मग फूल?"

"फूल चालेल. देठ तोडून."

शेवंतीचं एक फूल सीडीला टेकवलं गेलं. वेणूबाईंनी मंत्र म्हटला, सीडी बोटभर उत्तरेला सरकवली आणि हात झटकले. "झालं. आता ही नुसती बशी. धू."

कोमट पाणी. जुन्या धोतराचा मऊ तुकडा. मधून काठाकडे, सरळ, हलक्या हातानं. "पाणी मोरीत नको, जास्वंदीला घाल," एवढीच एक अट आली.

दोनशे नऊ.

दोनशे दहा.

दोघींनी एकमेकींचा हात धरला होता, हे दोघींनाही कळलं नाही.

दोनशे अकरा.

दोनशे अकरा.

दोनशे बारा.

"बारा!" वेणूबाई एवढ्यानं ओरडल्या की शेजारच्या घराची खिडकी उघडली. जयलक्ष्मी खुर्चीतून उठली, पुन्हा बसली, पुन्हा उठली. साडेतीनला चारशे बारा झाले. पडदा काळा झाला आणि त्यानं विचारलं: नाव काय?

"एवढंच?" वेणूबाई म्हणाल्या.

"एवढंच," जयलक्ष्मी म्हणाली. तिला हसू आवरेना.

चारला प्राचार्य आले. "बन्नी तगोंडु बंगारधांग इरोण," म्हणजे बन्नी घेऊन सोन्यासारखं राहू या, म्हणत त्यांनी दोघींच्या हातावर पानं ठेवली आणि पडद्याकडे वळले.

"चित्रं कुठं आहेत?"

"युनिक्सला चित्रं लागत नाहीत सर."

"हं. काहीतरी दाखवा तर."

तिनं तारीख आणि वेळ दाखवली. त्यांनी मनगट पुढं केलं. "हे माझ्याकडे आहे."

मग तिनं पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणातली एक आज्ञा दिली: सप्टेंबर सतराशे बावन्नचं कॅलेंडर दाखव.

एक. दोन. चौदा. पंधरा.

प्राचार्यांनी चष्मा सारखा केला. त्यांचा आवाज एकदम गोड झाला. "मॅडम, चुकलं की. तीन ते तेरा कुठायत? नीट बसलेलं दिसत नाही हे. बेंगळूरलाच विचारावं म्हणतो."

जयलक्ष्मी तोंड उघडणार, तोच वेणूबाई पुढं झाल्या.

"चुकलं कसं? तिथीचा क्षय असणार. पंचांग बघत नाही काय तुम्ही?"

"क्षय? अकरा दिवसांचा?"

"बरोबर बोलताहेत त्या," जयलक्ष्मी म्हणाली. "इंग्रजांचं कॅलेंडर सूर्याच्या मागं पडलं होतं. त्या साली कायदा करून त्यांनी अकरा दिवस गाळले. दोन तारखेला झोपले ते चौदाला उठले. युनिक्सला ते ठाऊक आहे सर."

"अकरा एकदम?" वेणूबाईंनी तोंड वाकडं केलं. "आमच्यात एका वेळी एकच गाळतात. अधाशी मेले."

प्राचार्यांनी त्या अकरा दिवसांच्या खड्ड्यावर बोट टेकवलं. मग खिशातून डायरी काढून त्यांनी लिहिलं, 'युनिक्स: जयलक्ष्मी मॅडम', आणि खाली दोन रेघा मारल्या. डायरी मिटली तरी ते उठेनात. खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाले, "मॅडम, दार जरा लोटा."

"काय झालं सर?"

"विद्यापीठानं विचारलं होतं, प्राचार्यांना युनिक्स येतं का. मी येतं म्हणून लिहून दिलंय. पुढच्या महिन्यात कमिटी येणार."

जयलक्ष्मीनं दार लोटलं. तिनं यंत्रातून आपलं नाव काढून घेतलं, पडद्यावर पुन्हा 'नाव काय?' आलं आणि तिनं कीबोर्ड त्यांच्यापुढं सरकवला.

"बसा सर. आधी आपली ओळख सांगायची."

प्राचार्यांनी पहिल्या ओळीत एका बोटानं आपलं संपूर्ण नाव लिहिलं. दुसरी ओळ पासवर्डची आली, तिथं सगळ्या पदव्या लिहिल्या. पदव्या पडद्यावर उमटल्याच नाहीत.

"काय म्हणतंय हे?"

"ओळखत नाही म्हणतंय सर," जयलक्ष्मी पंचवीस वर्षांच्या सवयीनं म्हणाली. "घाबरायचं नाही. पुन्हा करा."