लाल शाबासकी

सूनबाई कागद आणायला गेली आणि खिळेमास्तर पहिल्यांदाच संगणकासमोर एकटे बसले. छापखान्यात चाळीस वर्षं शिशाचे खिळे जुळवून त्यांनी लोकांची भाषणं आणि पत्रिका छापल्या होत्या. छापखाना बंद पडल्यापासून मात्र सुनेच्या डीटीपीच्या दुकानात ते नुसते चहा पीत बसत. आज ती म्हणाली होती, "बाबा, वाचनालयाची स्मरणिका आठ पानांत बसवा. मजकूर मी टाइप करून ठेवलाय. चारला अध्यक्ष प्रूफ बघायला येतील. आपलं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक आहे, तेवढं सांभाळा."

तिने शिकवल्याप्रमाणे त्यांनी माउसने चौकट ओढली, अध्यक्षांचं भाषण तीत ओतलं आणि थक्क झाले. तीन पानी भाषण एका पानात बरोब्बर संपलं! खिळ्यांच्या काळी मजकूर वाढला की तो कापावा लागायचा आणि लेखक उरावर बसायचा. इथे यंत्राने बिनबोभाट काम उरकलं होतं. चौकटीच्या कोपऱ्यात अधिकचं एक लाल चिन्ह उमटलं. मास्तरांना ती शाबासकीच वाटली.

मग त्यांना चेवच चढला. चिटणिसांचा अहवाल अर्ध्या पानात बसला, ग्रंथपालांचं मनोगत चार बोटांत, आणि आभार शेवटच्या पानावर, अध्यक्षांच्या फोटोखालच्या पट्टीत. जिथे तिथे लाल शाबासकी! "काय हुशार आहे लेकाचं!" म्हणत त्यांनी पडद्याला चक्क हात जोडले.

चारच्या ठोक्याला अध्यक्ष आले आणि प्रूफ वाचू लागले.

"'म्हणूनच मी आज आपणा सर्वांना सांगू इच्छितो की'... की काय, मास्तर?"

"मशीनला तेवढंच पटलं असेल."

"आणि माझी दोन पानं?"

"कापली असतील. फार सफाईने कापतं हो."

"मग मी दुसरीकडेच छापून घेतो!"

सुनेने पहिल्यांदा विश्वासाने काम सोपवलं आणि मास्तरांनी तिचं गिऱ्हाईकच घालवलं होतं. तेवढ्यात कागदाचा गठ्ठा सांभाळत ती दारात उभी राहिली. प्रकार कळताच तिने लाल चिन्हावर माउस टेकवला, पानाबाहेरच्या मोकळ्या जागेत चौकट ओढली, आणि उरलेलं भाषण धो धो बाहेर आलं.

मास्तर उठूनच उभे राहिले. एकदा हातातून खिळ्यांची पेटी सांडली होती, तेव्हा तीन दिवस ते जमिनीवर बसून अक्षरं वेचत होते. "एकही अक्षर हरवलं नाही?"

"नाही बाबा. जागा मिळेपर्यंत मागे थांबतं सगळं."

अध्यक्षांनी राहिलेली दोन पानं वाचली, मध्येच जांभई दिली आणि म्हणाले, "आधीचंच बरं होतं. शेवटचं अर्धं वाक्य तेवढं काढा."

सुनेने शेवटच्या पानावरची आभारांची चौकट अध्यक्षांच्या फोटोवर ओढून मोठी केली. दडलेल्या ओळी वर आल्या: "आमची पहिली स्मरणिका खिळ्यांनी जुळवणाऱ्या जुळाऱ्याचं नाव तेव्हा छापायचं राहून गेलं." पुढे मास्तरांचं पूर्ण नाव होतं.

चाळीस वर्षं लोकांची नावं जुळवणारे मास्तर ते नाव बघतच राहिले.

"पट्टीत बसत नाही," ते पुटपुटले. "कापावं लागेल."

"काय कापायचं ते मी सांगतो," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या फोटोवर बोट ठेवलं.